पाठमोऱ्या बाई

बाईंचा चेहरा मी पाहिला तो त्यांच्याकडे जायला लागल्यानंतर चौथ्या दिवशी. तोवर मला ठाऊक होती ती त्यांची पाठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा आणि खुर्चीच्या हातावर सावकाश आपटणारं उजव्या हाताचं एक बोट. नवा माणूस दारात आला की बाई खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसत.

"चेहरा नंतर बघू," त्या म्हणत. "तो कुठे पळून जात नाही. आधी आवाज बघू द्या."

मी मूळचा निफाडकडचा. बी.ए. होऊन दीड वर्ष झालं होतं. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घालून मी नाशिकला बहिणीच्या दोन खोल्यांत येऊन राहिलो होतो. सकाळी वाचनालयात जाऊन वर्तमानपत्रातल्या जाहिराती वहीत उतरवायच्या, दुपारी अर्ज लिहायचे आणि आठवड्यातून एखाद्या मुलाखतीला इस्त्रीचा शर्ट घालून जायचं, हा दिनक्रम. मुलाखत कुठलीही असो, तिसरा किंवा चौथा प्रश्न ठरलेला: "अनुभव काय?" समोरचा माणूस माझा कागद दुमडून परत द्यायचा. हा अनुभव कुठल्या दुकानात मिळतो ते मला कुणी सांगत नव्हतं.

शेवटी सांगितलं ते दाजींनी. दाजी टेलिफोन खात्यात लाइनमन होते.

"आमच्या जुन्या ऑपरेटर बाई आहेत गंगापूर रोडला," एकदा जेवताना ते म्हणाले. "रिटायर झाल्यात. कॉलेजात शिकणाऱ्या आंधळ्या पोरांसाठी पुस्तकं टेप करून देतात. वाचायला माणसं लागतात त्यांना. जाऊन बघ."

"पगार काय देत्यात?"

"पगार नाही."

"मंग फुकट वाचायचं?"

"इथं बसून जाहिराती वाचतोस त्याचा कोण पगार देतंय?" दाजी म्हणाले. ते हसून म्हणाले, पण स्टोव्हपाशी बसलेली बहीण हसली नाही. दुसऱ्या दिवशी मी गंगापूर रोडला गेलो.

तेव्हा तो रस्ता आजच्यासारखा नव्हता. दोन बंगल्यांमध्ये पेरूची बाग, मग एखादं मोकळं रान, मग पुन्हा एक बंगला. बाईंचं घर बैठं, तीन खोल्यांचं. पुढच्या खोलीच्या चारही भिंतींवर त्यांनी काळ्या घोंगड्या टांगल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. खिडकीला जाड गोधडी. तिच्या ठिगळांमधून ऊन गाळून आत यायचं आणि खोलीत दुपारभर मधाच्या रंगाचा उजेड असायचा. मधोमध एक टेबल, त्यावर टेपरेकॉर्डर आणि त्याच्याखाली घडी घातलेला टॉवेल. बाहेरच्या जगात बसा, सायकली, बाया, भांडणं चाललेली असत. आत आलं की पाण्याखाली गेल्यासारखं वाटे. अजूनही कधी डोळा लागता लागता मला ती खोली दिसते. दिसते म्हणण्यापेक्षा, तिची शांतता ऐकू येते.

पहिल्या दिवशी मी टेबलाशी बसलो आणि बाईंच्या पाठीला विचारलं, "काय वाचू?"

"समोर आहे ते."

समोर एस.टी.चं वेळापत्रक होतं. मला वाटलं थट्टा आहे. वाचायला लागलो. "नाशिक–पेठ, सहा पंधरा…"

"होल्ड करा. पंधरा की पन्नास?"

"पंधरा."

"मला पन्नास ऐकू आलं. गेली माझी गाडी. पेठला माझी बहीण आजारी आहे. आता उद्याशिवाय जाता येणार नाही. पुन्हा वाचा."

तीन दिवस मी वेळापत्रक वाचलं. तीन दिवसांत बाईंच्या कितीतरी गाड्या चुकल्या, सुरगाण्याला लग्नं लागून गेली, सटाण्याला बाजार उठून गेला. चौथ्या दिवशी मी पेठपासून सुरगाण्यापर्यंत सगळ्या गाड्या वाचल्या आणि बोट एकदाही थांबलं नाही. मग खुर्ची फिरली. इतक्या करड्या पाठीला इतका हसरा चेहरा असेल असं मला वाटलं नव्हतं. भुवया जाड, दात थोडे पुढे, आणि डोळ्यांत खोडी काढून लपलेल्या पोरीसारखा भाव.

"पोचले एकदाचे सगळे," त्या म्हणाल्या. "तुम्ही सतरा नंबर."

बाईंना नावं लक्षात राहत नसत, किंवा त्या तसं दाखवत. तीसेक वर्षं ट्रंक कॉल जोडल्यावर त्यांच्या लेखी माणूस म्हणजे नंबर. त्यांच्याकडे वाचायला येणारे आम्ही सगळे नोकरी नसलेले. कुणी बी.कॉम., कुणी डी.एड. करून बसलेली, एक तर एम.ए. झालेला. सगळ्यांना नंबर होते. दूधवाल्यालाही होता. पण नंबर देऊनही त्या कुणाला अरेतुरे करत नसत. "सतरा, तुम्ही आज जेवून आला नाहीत," असं पाठमोऱ्या बसून सांगत. "पोट रिकामं असलं की वाक्याचा शेवट खाली पडतो." आणि खरोखर मी जेवून आलेलो नसायचो. मग आतून भाकरी आणि गूळ यायचा.

माझ्या बोलण्यात गावाकडचं 'पानी' होतं, 'लोनी' होतं. कॉलेजात त्यावरून पोरं हसली होती, म्हणून मी वाचताना 'ण' आला की घाबरायचो. बाईंनी ते पहिल्या तासाभरात ओळखलं.

"घरी काय म्हणता?"

"पानी."

"मग घरी तेच म्हणा. आईला तहान लागली तर तिला तेच कळेल. पण हे पुस्तक ज्याच्या कानात जाणार आहे, तो परीक्षेत तेच सांगणार. त्याचे मार्क जायला नकोत. इथे पुस्तकाचं बोला. दाराबाहेर पडलात की तुमचं तुम्हाला परत." मग जरा थांबून म्हणाल्या, "ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजला मी तोंडभर इंग्रजी बोलत होते. घरी येऊन कोंबडीला हुसकताना थोडंच बोलत होते?"

त्या दिवसापासून 'ण'ची भीती गेली.

बाईंचं एक वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं: "पगार नसलेल्या कामाला रजा नसते." दहाची वेळ म्हणजे दहा. दहा वाजून पाच मिनिटांनी येणाऱ्याला दार उघडत, चहा देत आणि परत पाठवत. एम.ए. झालेला पाच नंबर एकदा चिडला. म्हणाला, "बाई, आम्ही काय तुमचे नोकर आहोत का?" बाई म्हणाल्या, "नाही. नोकर असता तर पगार कापला असता. आता काय कापू?" पाच नंबर दुसऱ्या दिवशी पावणेदहाला येऊन फाटकाशी उभा होता.

आजूबाजूच्या घरांतल्या कुकरच्या शिट्ट्यांचं त्यांना वेळापत्रक पाठ. "डाव्या हाताच्या बंगल्यात अकरा वीसला डाळ लागते. अकरा पंधराला थांबा." आम्ही थांबायचो. शिट्टी व्हायची; वेळ चुकवून झाली तर बाई चिडायच्या. मग पुढचं वाक्य.

आणि कॅसेट कधी कोरी सोडायची नाही, हा त्यांचा एक हट्ट. धडा संपला आणि टेप दोन-तीन मिनिटं उरली, तर त्या यंत्र उचलून बाहेर पडत. "कोरी टेप फिरत राहिली की ऐकणाऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी बंद पडलं." म्हणून अर्थशास्त्राच्या शेवटी गोदावरीच्या काठावरचं धुणं असायचं. तर्कशास्त्राच्या शेवटी द्राक्षबागेत पाखरं हुसकणाऱ्या बाईची आरोळी. एकदा त्या मला आनंदवल्लीच्या पुढे घेऊन गेल्या आणि चिंचेखाली बसून आम्ही नुसता वारा टेप केला. मी कुजबुजलो, "बाई, काहीच येत नाहीये." त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. ते माझं 'काहीच येत नाहीये' आजही कुणाच्या तरी मानसशास्त्राच्या दुसऱ्या भागात असेल.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. त्याबद्दल एकदाच बोलल्या, तेही वाटाणे सोलताना. धुळ्याच्या एक्स्चेंजला एक ऑपरेटर होता. वीस वर्षं रोज तिकडून तो आणि इकडून या. 'नाशिक, लाइन द्या.' 'धुळे, घ्या.' मध्ये सेकंद दोन सेकंद मोकळे मिळाले तर पाऊस किती झाला, आई कशी आहे, एवढंच. रिटायर झाल्यावर बाई एस.टी.ने धुळ्याला गेल्या. स्टँडवर उतरल्या, चहा प्यायल्या आणि त्याच गाडीने परत आल्या.

"भेटला नाहीत?"

"काय करायचं होतं भेटून? वीस वर्षांत एकदाही त्याचा आवाज माझ्याशी खोटं बोलला नाही. चेहऱ्याची कुणी खात्री द्यावी?" आणि सोललेले वाटाणे त्यांनी पाण्यात टाकले.

निंबा यायचा शनिवारी. आमच्या कॅसेट ऐकणाऱ्या मुलांपैकी तो एक. नामपूरचा, वडील कांदा मार्केटात हमाल. लहानपणी तापात डोळे गेलेले. नाशिकला अंधांच्या शाळेत शिकला आणि आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. उंच, किडकिडीत, मान एका बाजूला कलती ठेवून चालणारा. त्याचं राज्यशास्त्राचं पुस्तक माझ्याकडे होतं. सात महिने मी त्याच्यासाठी वाचलं. शनिवारी नवी कॅसेट घ्यायला आला की तो म्हणायचा, "दादा, तुमचा आवाज झोपेतही चालू राहतो. काल स्वप्नात तुम्ही मला लोकसभा समजावत होता."

फेब्रुवारीत त्या पुस्तकाचा शेवट आला. त्या दिवशी दुपारी अडीचला माझी एका कचेरीत मुलाखत होती. बाईंना सुट्टी मागण्याची सोय नव्हती आणि हिंमतही नव्हती. मी शर्टाला घाम लागू नये म्हणून खुर्चीला न टेकता बसलो आणि भराभरा वाचू लागलो. घड्याळाकडे एक डोळा, पुस्तकावर एक. संपवलं, कॅसेट बाईंपुढे ठेवली आणि पळालो. प्रत्येक कॅसेट मुलांकडे जाण्याआधी बाई स्वतः हेडफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत, आणि चूक निघाली तर आम्हाला पुन्हा बसवत. ती कॅसेट त्यांनी ऐकली आणि निंबाला दिली. मुलाखतीत मला विचारलं, "अनुभव?" मी सांगितलं, आंधळ्या मुलांसाठी पुस्तकं वाचतो. ते म्हणाले, "तो अनुभव नाही, ते पुण्य आहे."

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. निंबा गावी जाण्याआधी भेटायला आला. बाई आत होत्या. तो उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "दादा, एक विचारू? राज्यपालाला गावकरी कसे काय निवडून देतात?"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच. शेवटच्या कॅसेटमध्ये. 'राज्यपाल विधिमंडळाचे अधिवेशन बोलावतात आणि त्यांची निवड गावातील प्रौढ मतदार गुप्त मतदानाने करतात.' प्रश्न आला होता, राज्यपालाचे अधिकार. मी तसंच सांगितलं. लिहून घेणारी मुलगी नववीतली. तीसुद्धा थांबली, म्हणाली, 'दादा, खरंच लिहू?' मी म्हटलं, लिही."

माझ्या तोंडातून काय निघावं? "पुस्तकातच तसं छापलंय."

"असं का?" निंबा म्हणाला. "मग ठीक. मला वाटलं, माझ्याच डोक्यात शिरत नाहीये." आणि काठी टेकत तो निघून गेला.

तो वळणावर दिसेनासा झाल्यावर मी कपाटातून पुस्तक काढलं. राज्यपालाचं प्रकरण उघडलं. दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. मी घाईत दोन्ही एकदम उलटली होती. राज्यपालाचे सगळे अधिकार आणि ग्रामपंचायतीची सुरुवात त्या चिकटलेल्या पानांच्या पोटात गेली होती, आणि राज्यपाल 'आणि' म्हणून एक पाऊल टाकून सरळ ग्रामपंचायतीत उतरले होते.

चूक झाली याचं मला तितकं वाटलं नाही. खोटं बोललो त्याचं वाटलं, आणि तेही अशा माणसाशी, ज्याला पुस्तक उघडून बघता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला मी बाईंसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. बोलता बोलता 'पानं'चं 'पाणं' झालं इतका गोंधळलो होतो. बाई रागावतील, हाकलतील अशी तयारी करून आलो होतो. पण त्या पांढऱ्याफटक पडल्या. बोट खुर्चीच्या हातावर नुसतं टेकलेलं.

"मला कशाला सांगता?" शेवटी म्हणाल्या. "राँग नंबर लागलाय. निंबाला सांगा."

त्यांनी कुणाला नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली.

"तो नामपूरला गेला, बाई."

"मग दोन तिकिटं काढा."

"दोन?"

"मीही येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सटाण्यापर्यंत एक गाडी, पुढे दुसरी. उन्हाने रस्त्यावर पाण्यासारख्या लाटा दिसत होत्या. बाई खिडकीशी बसल्या होत्या आणि त्यांनी मला आग्रहाने आपल्या डाव्या बाजूला बसवलं. मांडीवर ते पुस्तक. वाटेत त्या एवढंच बोलल्या: "धुळ्याच्या एका गिऱ्हाइकाला मी एकदा चुकीची लाइन दिली होती. बाळंतिणीची बातमी दुसऱ्याच घरी गेली."

नामपूरचं मार्केट उन्हाळ कांद्याने भरून वाहत होतं. सगळीकडे लालसर धूळ आणि सालपटं उडत होती. निंबा वडिलांचा डबा घेऊन आला होता आणि पत्र्याच्या सावलीत एका रिकाम्या हातगाडीवर बसला होता. मी हाक मारल्याबरोबर उठला. "दादा? इथं?"

मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. पुस्तकात तसं नाही. मी दोन पानं गाळली. आणि परवा खोटं बोललो.

निंबाचा चेहरा आधी कोरा होता. मग त्याचा जबडा आवळला गेला.

"दादा, ती जागा मी बारा वेळा ऐकली," तो म्हणाला. "मागे घेऊन, पुढे घेऊन, बारा वेळा. बाराही वेळा मी स्वतःला गाढव म्हटलं. आंधळेपणाचं मला काही वाटत नाही. पण त्या दिवशी वाटलं, आता आपलं डोकंसुद्धा गेलं."

मला मान वर करता येईना. तेवढ्यात बाई पुढे झाल्या.

"निंबा, मी आलेय. ऑपरेटर बाई. ती कॅसेट मी तपासली होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली."

"मग?"

"मग मला ऐकूच आलं नाही," बाई म्हणाल्या. "माझा उजवा कान गेलाय. दोन वर्षं झाली. डावाही मधूनच जातो. त्या दिवशी टेप मध्येच लांब गेल्यासारखी झाली. मी मागे घेऊन पुन्हा ऐकायला हवी होती. घेतली नाही. कुणाला कळू नये म्हणून सगळं ठीक आहे म्हणाले. सतराची चूक दोन पानांची आहे. माझी दोन वर्षांची आहे."

आजूबाजूला हमाल गोण्या टाकत होते. मी बाईंकडे बघत राहिलो. गेले कित्येक महिने त्या कुकरच्या शिट्टीला चिडत नव्हत्या. आम्हाला वाटलं होतं, वय झालं, स्वभाव निवळला.

निंबाने हवेत हात पुढे केला. "बाई, बरा कान कुठला म्हणालात?"

"डावा."

तो हातगाडीच्या कडेकडेने चाचपत, बाईंच्या उजव्या अंगाने होता तो त्यांना वळसा घालून डावीकडे आला आणि तिथे उभा राहून म्हणाला, "ऐकू येतंय का?"

"येतंय."

"मग दादांना सांगा, वाचा म्हणावं. इथंच."

मी हातगाडीवर बसलो आणि कांद्याच्या धुळीत ती दोन पानं वाचली. राज्यपालांनी अधिवेशन बोलावलं, वटहुकूम काढले, शिक्षा माफ केल्या. दोन-तीन हमाल गोण्यांना टेकून ऐकायला लागले. निंबाचे वडील डोक्यावरचं फडकं सोडून घाम पुसत आले.

"हाऊ कोण शे?" त्यांनी मुलाला विचारलं. निंबाने सांगितलं. म्हाताऱ्याने मला खालवर पाहिलं. "पगार किती भेटस?"

"काही नाही," मी म्हणालो.

"मंग इतला लांब कसाले वना?"

इतक्या लांब कशाला आलास, असं विचारल्यावर मी मांडीवरचं पुस्तक दाखवलं. म्हाताऱ्याने स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकर तोडून माझ्या हातावर ठेवली. बहिणीच्या घरी फुकट जेवल्याची तोंडात रेंगाळणारी चव त्या दिवशी पहिल्यांदा पुसली गेली.

त्या पेपरात निंबा नापास झाला. गोष्ट गोड करून सांगायची तर तो काठावर सुटला असं म्हणता आलं असतं, पण तसं झालं नाही. मी ते आख्खं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं, प्रत्येक पान उलटताना बोटांनी चोळून. ऑक्टोबरला तो पुन्हा बसला आणि पास झाला. पण त्याचं अर्धं वर्ष गेलं ते गेलं.

त्यानंतर बाईंनी एक बदल केला. कॅसेट तपासण्याचं काम त्यांनी निंबाकडे दिलं. रोज सकाळी घोंगड्यांच्या खोलीत तो हेडफोन लावून बसे आणि बाई बाजूला पाठमोऱ्या. आम्हा वाचणाऱ्यांची त्याने दाणादाण उडवली. कुणी वाक्याच्या मध्ये श्वास घेतला तरी त्याला खपत नसे. त्यालाही पगार नव्हता. पहिल्या आठवड्यात तो पाच मिनिटं उशिरा आला, तर बाईंनी त्याला चहा देऊन परत पाठवलं.

मला एका छापखान्यातून बोलावणं आलं. प्रूफं तपासायची जागा होती. मी बाईंकडे पहिल्यांदाच अनुभवाचा दाखला मागितला. बाई असले दाखले कधी देत नसत, पण त्या दिवशी कागद ओढून त्यांनी लिहिलं: 'यांनी माझ्याकडे एक वर्ष चार महिने विनावेतन वाचनाचे काम केले. एकदा दोन पाने गाळली. त्यात माझीही चूक होती. ती पाने वाचून दाखवण्यासाठी हे नामपूरला गेले.' खाली सही.

"बाई, हे दाखवून मला कोण घेईल?"

"ज्याला घ्यायचंय तो."

छापखान्याच्या मालकांनी तो कागद दोनदा वाचला. म्हणाले, असला दाखला उभ्या जन्मात पाहिला नाही. मग माझ्यापुढे एक प्रूफ टाकलं. मी पेन्सिल फिरवून परत दिलं. त्यांनी चष्मा वर केला. "दोन चुका राहिल्या तुमच्या."

मी उठायला लागलो.

"बसा. माझ्या नेहमी तीन राहतात."

त्या छापखान्यात मी अठ्ठावीस वर्षं काढली.

निंबाचं वेगळं झालं. कॉलेज रोडला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात छोटा टेलिफोन बोर्ड होता. बाई डॉक्टरांना जाऊन भेटल्या. म्हणाल्या, हा मुलगा दुपारी चार महिने फुकट बसेल, तुमचं काही बिघडलं तर मला सांगा. फोन आला की त्या बोर्डावरची पत्र्याची एक झडप खाली पडे. डोळस माणूस ती बघतो. निंबाने बोटांनी शोधायची. बाईंनी त्याचा हात हातात धरून त्याला सगळ्या झडपा ओळखायला शिकवल्या. त्यांना तेव्हा जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं आणि त्याला दिसत नव्हतं. दवाखान्यात येणारे लोक काउंटरपाशी थांबून त्या दोघांकडे बघत. चार महिन्यांनी डॉक्टरांनी निंबाला अनुभवाची चिठ्ठी दिली, आणि ती चिठ्ठी घेऊन तो सातपूरच्या एका कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागला.

तो कामावर रुजू झाला त्या दिवशी मी बाईंकडे होतो. गोधडी गुंडाळून वर बांधलेली होती आणि खोलीत खूप उजेड होता. दुपारी त्यांचा काळा फोन वाजला. बाईंना ऐकू आला नाही. माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं. मी उचलला. निंबा होता. आता त्यांच्याशी बोलायला ठेवलेल्या पाटीवर मी खडूने लिहिलं, 'निंबा, कारखान्यातून.'

बाईंनी हात पुढे केला. मी रिसीव्हर दिला. तो त्यांनी डाव्या कानाला लावला, उगीचच, आणि खिडकीकडे तोंड करून, पहिल्यांदाच त्याला अरेतुरे करत, बोलायला लागल्या. जेवलास का. खुर्ची उंच आहे का बोर्ड उंच आहे. कुणी ओरडलं तर लगेच उत्तर देऊ नकोस, आधी त्याला संपवू दे. वडिलांना नामपूरला पत्र टाक. एकेक प्रश्न विचारून त्या थांबत, समोरच्याला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागेल बरोबर तेवढाच थांबत, मान हलवत, आणि मग पुढचं विचारत. दहा मिनिटं असं चाललं. मग रिसीव्हर जागेवर ठेवून माझ्याकडे वळल्या. "मजेत आहे," त्या म्हणाल्या.

त्यानंतर दोन वर्षांनी बाई गेल्या. नामपूरच्या यात्रेत एकदा निंबा भेटला तेव्हा मी त्याला विचारलं, त्या दिवशी बाई थांबत होत्या तेव्हा तू फोनवर काय बोलत होतास?

"काय बोलणार?" तो म्हणाला. "त्यांना ऐकू येत नाही हे मला माहीतच होतं. तरी त्या थांबल्या की मी 'हो बाई' म्हणत होतो."